हात चावीवर

हरिदास ताकसांडे यांची दहाही बोटं शाबूत होती. सारा जन्म लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, काढलेल्या माणसाबद्दल ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. मुलांची नवी तुकडी वर्कशॉपमध्ये आली की ते आधी काही न बोलता दोन्ही पंजे पसरून धरायचे. मुलं हसायची.

"सर, भविष्य सांगू काय?" कुणीतरी मागून म्हणायचं.

"मोज," ते म्हणायचे. "मोजून पाह्य. एवढंच भविष्य आहे."

वर्कशॉप सेलूच्या अलीकडचं, नागपूर रस्त्याला लागून असलेल्या एका खासगी विद्यापीठाचं. पत्र्याचं लांब छप्पर, खाली लेथ, ड्रिलिंग, मिलिंग, कोपऱ्यात वेल्डिंगची खोपटी. खिडक्यांबाहेर विद्यापीठाने अजून विकत न घेतलेलं कपाशीचं शेत. हरिदास इथे इन्स्ट्रक्टर म्हणून लागले तेव्हा मशीन आणि मुलं यांच्यामध्ये एक साखळी लावलेली होती. साखळीच्या आत हरिदास मशीन चालवायचे. बाहेर मुलं उभी राहून पाहायची, मागच्या रांगेतली मोबाईल पाहायची. परीक्षेत सगळी मिळून लेथची आकृती काढायची. चार वर्षांनी ती इंजिनिअर होऊन जायची आणि त्यांतल्या बहुतेकांनी लोखंडाचा एक तुकडाही कापलेला नसायचा.

हरिदासांना हे बघवत नसे, कारण त्यांचंही असंच झालं होतं. वडील पुलगावच्या कापड गिरणीत फिटर होते. हरिदासांनी आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथ चालवण्याचा, ट्रेड घेतला. तिथे मशीन कमी, मुलं जास्त. प्रमाणपत्र मिळालं, हात कोरडे राहिले. पुढे बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागले आणि पहिल्याच सकाळी त्यांना लेथसमोर उभं करून "चालव" म्हटलं गेलं. कोणता दांडा कधी ओढायचा हे त्यांना तोंडपाठ होतं, पण हात उचलेचना. शेजारचा कारागीर हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, नुसती गंमत होती. तरी ते हसणं हरिदासांच्या आत कुठेतरी कीस पडत राहावा तसं पडत राहिलं. आपल्या हाताखालून गेलेल्या मुलावर अशी सकाळ येऊ नये, मुलांनी स्वतः मशीन चालवून इथून जावं, एवढी एक गोष्ट त्यांना आयुष्यात हवी होती. दुसरी काही हवीशी वाटली असेल तर ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

वर्कशॉपचे प्रमुख काळमेघ सर मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही आणि कधी हो म्हटलं नाही. हरिदास दर वर्षी जुलैत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे. एका जुलैत सर थकल्यासारखे दिसले.

"ताकसांडेजी, एक ऐकून ठेवा," ते म्हणाले. "परवानगी देतो. पण ज्या दिवशी एक बोट गेलं, त्या दिवशी दार बंद. मग मला काही सांगायला येऊ नका."

"येणार नाई, सर," हरिदास म्हणाले.

साखळी निघाली. तिच्या जागी हरिदासांचं शिकवणं आलं. शनिवारमागून शनिवार ते एकेका तुकडीला राबवायचे. पहिल्या शनिवारी मशीन सुरूच व्हायचं नाही. नुसता लोखंडाचा कीस ब्रशने झाडायचा, बोट न लावता. मग लाल बटण. हरिदास चहा पितापिता, कुणाशी बोलताबोलता अचानक "बंद!" म्हणून ओरडायचे आणि ज्याने त्याने मान न वळवता आपल्या मशीनचं बटण दाबायचं. ज्याचा हात चाचपडला त्याचा शनिवार वाया. अंगठ्या, बांगड्या, घड्याळं, ओढण्या सगळं बाहेर. मनगटावरचे धागेसुद्धा.

"हा काढ," त्यांनी रजत नावाच्या मुलाला म्हटलं होतं.

"सर, आईनं बांधला आहे. नवरात्राचा."

"मंग आईलेच फोन लाव. विचार, पोराचा हात पाह्यजे का धागा पाह्यजे."

रजतने खरोखर फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण त्याने धागा सोडून खिशात ठेवला. त्यानंतर वर्षभर पोरं त्याला कॅन्टीनमध्ये समोसा घेतानाही "आईले विचार ना बे" म्हणून छळत राहिली.

सगळ्यात कडक नियम चकच्या चावीचा होता. लेथवर लोखंड धरून गरगर फिरवणारा जो जबडा असतो, तो चक. तो आवळायला इंग्रजी टी अक्षरासारखी एक जड चावी असते. ती चकमध्ये विसरून मशीन सुरू केलं तर गोळीसारखी सुटते. म्हणून हरिदासांचा मंत्र होता: चावी चकात, तर हात चावीवर. हात काढायचा तर चावीसकट काढायचा. हे ते इतक्यांदा म्हणवून घ्यायचे की पोरं बसमध्येही दांडा धरून म्हणायची.

जो यातून पार व्हायचा त्याने लेथवर पितळेचा एक गोल बिल्ला स्वतः घडवायचा. बिल्ला असेल त्याला वर्कशॉप मोकळं. काही वर्षांत दुपारनंतर वर्कशॉपमध्ये मशीनचा आवाज सतत यायला लागला. एकही बोट गेलं नाही.

मुलींमध्ये पहिला बिल्ला आकांक्षा इखारने घडवला. ती सेलूजवळच्या एका गावातून बसने यायची. वडील नानाजी शेती करायचे आणि गावात सगळ्यांचे पंप दुरुस्त करून द्यायचे. तिचा बिल्ला पूर्ण गोल नव्हता. हरिदासांनी तो तळहातावर फिरवून पाहिला.

"चपटा झाला, बाई."

"मी बी चपटीच आहो, सर," ती आपल्या नाकावर बोट ठेवून म्हणाली. "मशीननं वळखलं मले."

हरिदास हसले. असे ते क्वचित हसायचे. तिला त्यांनी दुसरा घडवायला लावला, तो बरोबर झाला.

आकांक्षा तिसऱ्या वर्षाला जायच्या उन्हाळ्यात नवा लेथ आला. त्याच्या चकवर पारदर्शक झाकण होतं. झाकण उघडं असलं की मशीन सुरूच होत नसे. बिजागरीपाशी एक छोटी कळ होती, झाकण खाली आलं की ती दाबली जायची, तेव्हाच वीज पुढे जायची. हरिदास रोज सकाळी प्रत्येक मशीनचं बटण तपासायचे, तसं हे झाकणही उघडून पाहायला लागले. पोरांना त्यांनी सांगितलं, "आता मशीनच तुम्हाले राखून राह्यली. पण म्हणून तुम्ही झोपू नोका."

त्या वर्षीची खंडेनवमी आली. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या मशीनची पूजा होते. हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. प्रत्येक मशीनला लाल धागा गुंडाळला जातो. तो कोजागिरीपर्यंत तसाच राहतो. कोजागिरीला बंडूजी, म्हणजे वर्कशॉपचे जुने शिपाई, ते सगळं उतरवून धाम नदीत सोडून येतात. ही इथली रीत. हरिदास बौद्ध. पूजेच्या आदल्या दिवशी ते सगळी मशीनं धुऊनपुसून, तेलपाणी करून ठेवायचे आणि नवमीला बायकोसोबत, सरितासोबत, नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. पूजा त्यांच्यामागे व्हायची. त्यात कुणाला खटकण्यासारखं काही नव्हतं.

खटकलं होतं ते एकदाच, काही वर्षांपूर्वी. दसऱ्यानंतर ड्रिलिंग मशीनवरची माळ फिरत्या भागाजवळ लोंबत होती म्हणून हरिदासांनी कात्रीने धागा कापला आणि माळ उतरवून बाजूला ठेवली. संध्याकाळपर्यंत कुजबुज सुरू झाली. ताकसांडेंनी देवाचा धागा तोडला. कुणी तोंडावर बोललं नाही. काळमेघ सरांनीच दोन दिवसांनी बोलावलं. "तुमचं बरोबर असेल हो. पण ते राहू द्या. ज्यांचं आहे ते काढतील." हरिदासांनी मान हलवली. तेव्हापासून त्यांनी पूजेच्या वस्तूला हात लावला नव्हता. पोरांच्या मनगटावरचे धागे ते काढायला लावायचे. मशीनवरच्या धाग्याची गोष्ट वेगळी होती.

नागपूरहून परतल्यावर ते नव्या लेथपाशी उभे राहिले. धागा बिजागरीभोवतीच गुंडाळला होता, बरेच वेढे, वर हळदीचं बोट. त्यांना बरं वाटलं नाही.

"बंडूजी, या मशीनचा तेवढा आज काढून घ्या ना."

"आता चार दिवस तर राह्यले, ताकसांडेजी. कोजागिरीले काढतो सगळे संगंच."

"आज काढला तर काय होते?"

"मले काही नाई होत. तुमचंच नाव निघते मंग. मागच्या टायमाले काय झालं, विसरले काय?"

बंडूजींनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. हरिदास पुढच्या मशीनकडे गेले. सकाळची तपासणी त्यांनी त्या आठवड्यातही चुकवली नाही. फक्त त्या एका मशीनचं झाकण उघडून पाहिलं नाही, कारण उघडायचं तर धागा सरकवावा लागला असता. लाल बटण दाबून पाहिलं, ते चालत होतं.

कोजागिरी दोन दिवसांवर असताना दुपारी आकांक्षा त्या लेथवर आली. केस टोपीत, हातात काही नाही, बाह्या दुमडलेल्या. तिने धागा जरा वर सारून झाकण उघडलं, लोखंडाचा तुकडा चकमध्ये धरला आणि चावी आवळायला लागली. चावी घट्ट होती. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, अंग पुढे टाकलं, आणि तिच्या कमरेने सुरू करायचा दांडा खाली दबला. झाकण उघडं होतं. मशीन सुरू व्हायला नको होतं. पण वेढ्यांखाली ती छोटी कळ दबलेली होती.

चक फिरला. तिने चावी सोडली नाही. सोडायची नाही असं तिला शिकवलं होतं.

शेजारच्या मशीनवर रजत होता. त्याने मान न वळवता हात लांबवून तिच्या लेथचं लाल बटण दाबलं. तोवर तिचा उजवा हात चावी आणि मशीनच्या लोखंडी अंगामध्ये सापडला होता.

हरिदासांनी तिला ऑटोत घालून वर्ध्याला दवाखान्यात नेलं. मधलं बोट अर्धं काढावं लागलं. शेजारचं राहिलं, पण पुन्हा वाकणार नव्हतं. संध्याकाळी नानाजी आले. त्यांच्या हाताला कुठल्यातरी पंपाचं ग्रीस तसंच होतं. हरिदास उठून उभे राहिले. काहीतरी ऐकून घ्यायची त्यांनी तयारी केली होती.

"मास्तर, तुम्ही होते म्हणून वेळेवर आणलं," नानाजी म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

हरिदासांना ते हात खाली करायला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले तेव्हा आकांक्षा जागी होती. बापाला तिने चहा आणायला पाठवलं.

"सर, धागा मीच बांधला होता," ती म्हणाली. "मले ती मशीन आवडे. बंडूजी म्हणत एकच वेढा घाल. मी पाच घातले."

"आराम कर, बाई."

"हात नाई सोडला मी. तुम्ही सांगतलं तसाच ठेवला."

"पाह्यलं मी," हरिदास म्हणाले. ते खरं नव्हतं. ते तेव्हा वेल्डिंगच्या खोपटीत होते.

चौकशीला तिघं बसले होते, मधे काळमेघ सर. बाहेर बंडूजी पाण्याचे ग्लास घेऊन उभे. कोजागिरी होऊन गेली होती, माळा आणि धागे नदीत गेले होते. हरिदासांनी सगळं सांगितलं. झाकण, कळ, वेढे. मुलीने एकही नियम मोडला नाही, शिकवण्यात कमी नव्हती, फक्त कळ दबलेली राहिली, म्हणून दार बंद करू नका, पाहिजे तर मला काढा. इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

"धागा कुणी बांधला होता?" डावीकडच्या बाईंनी विचारलं.

हरिदासांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

"बरं, राहू द्या," काळमेघ सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुम्ही तो धागा आधी पाहिला होता?"

"हो."

"तो कळीपाशी आहे हे दिसलं होतं?"

"हो."

"आणि मशीन चालू राहू दिलं?"

खिडकीबाहेर शेतात कुणी बाई कापूस वेचत होती. हरिदासांना सांगायचं होतं की मी बंडूजींना म्हटलं होतं. मग बंडूजींचं नाव निघालं असतं. त्यांना सांगायचं होतं की तुम्हीच म्हणाला होता, ज्यांचं आहे ते काढतील. पण सरांनी ते ड्रिलिंग मशीनच्या माळेबद्दल म्हटलं होतं, आणि कात्री तर त्या आठवड्यातही हरिदासांच्या स्वतःच्या खिशात होती.

"हो," ते म्हणाले.

कुणी रागावलं नाही. बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

घरी सरिताने ताट वाढलं. ते जेवेनात.

"तुमच्या बाबांनी गिरणीत कधी मशीनपुढं कुणाचं भेव धरलं होतं काय?" ती म्हणाली. "एक धागा तर होता. कापून टाकाचा. बोलले असते लोक, चार दिवस बोलून थकले असते."

"तुले सोपं वाटते."

"मले नाई सोपं वाटत. पण पोरीचं बोट त्याहून सोपं होतं काय?"

मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं वाईट वाटलं असावं. तिने ताट झाकून ठेवलं.

हरिदासांना काढलं नाही. आपल्याला काढावं अशी त्यांनी मनातून इच्छा केली होती, तेही झालं नाही. साखळी परत आली, यावेळी पिवळ्या पट्ट्यासकट. बिल्ले गोळा करून भंगारात दिले गेले. मशीनचे प्लग काढून ठेवले. सुरक्षेचं प्रशिक्षण आता सभागृहात होऊ लागलं. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातला स्वच्छ माणूस स्वच्छ मशीनवर काम करताना दिसायचा, मुलं अंधारात बसायची, आणि दिवे लागले की सगळी प्रशिक्षित झालेली असायची. व्हिडिओ सुरू करण्याचं काम हरिदासांकडे होतं. पंजे दाखवणं त्यांनी सोडून दिलं.

पुढच्या खंडेनवमीला पूजा मोठी झाली. मशीनने रक्त घेतलं होतं, म्हणून नव्या लेथपुढे कोहळा कापला. हरिदास नागपूरला होते. परतले तेव्हा सगळी मशीनं माळांनी झाकलेली होती, आणि आता त्यांतली कुठली माळ कुणाला कधी इजा करणार नव्हती. धागे कोजागिरीनंतरही तसेच राहिले. बंडूजींचे गुडघे दुखायला लागले होते आणि काढायची कुणाला घाई नव्हती.

आकांक्षा वर्ष बुडू न देता शेवटच्या वर्षात आली. लिहायला ती डाव्या हाताने शिकली. तिचा प्रोजेक्ट पऱ्हाटी बारीक करायच्या यंत्राचा होता, कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडं उरतात त्यांच्यासाठी. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती वर्कशॉपमध्ये आली. आत हरिदास एकटेच होते.

"सर, एक शाफ्ट करायचा होता. घंट्याभराचं काम आहे."

"प्लग काढले आहेत, बाई."

"लावता येते ना. काळमेघ सर नागपूरले गेले. बंडूजी डबा खाऊन राह्यले."

"तुह्या हातानं चावी आवळल्या जाणार नाई."

"डाव्यानं आवळते. घरी बाबांच्या पंपावर रोज करून पाहून राह्यली मी." ती हसली. "पाहा ना, तुम्ही बाजूले उभे राहा. मी चुकली तर बंद म्हणजा."

प्लग भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता, हात लांबवला तर येईल एवढ्या अंतरावर. हरिदासांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मशीन शिकणाऱ्याला काय सांगायचं ते त्यांना सगळं येत होतं. वर्षानुवर्षं तेच सांगितलं होतं, की भीती लोखंडाची धरायची नसते, घाईची धरायची असते. त्यांनी प्लगकडे हात न्यायचा म्हटला. हात उचलेचना.

"नाई," ते म्हणाले.

"काऊन, सर?"

"मले भेव वाटते."

त्यांच्या तोंडून दुसरं काही निघेल अशी तिने वाट पाहिली असावी.

"मले नाई वाटत," ती म्हणाली, आणि गेली.

शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, तिने बुटीबोरीहून करून आणला. माप बरोबर होतं, कातकामही चांगलं होतं. हरिदासांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. कुणी केला हे विचारलं नाही. तिलाही माहीत नव्हतं, दुकानात दिला आणि दोन दिवसांनी उचलला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. यंत्र त्यांना आवडलं. त्यांनी शाफ्टवर बोट फिरवलं आणि हा कसा केला ते सांगायला सांगितलं. आकांक्षाने सांगितलं. लोखंड कसं धरायचं, चक किती आवळायचा, चावी कधी काढायची, झाकण कधी खाली घ्यायचं. ती कुठेही अडखळली नाही. उजवा हात तिने ओढणीखाली घेतला होता.

"स्वतः केलंस?"

"हो, सर."

परीक्षक खूश झाले. ते भिंतीपाशी उभ्या असलेल्या हरिदासांकडे वळले.

"तुमची मुलं मशीनवर स्वतः काम करतात, हे फार चांगलं आहे. हल्ली कुठे दिसत नाही असं."

काळमेघ सरांनी हरिदासांकडे पाहिलं. आकांक्षाने पाहिलं नाही.

"हो, सर," हरिदास म्हणाले. "आमची करतात."